डाहीबेनचा वांधा

दिनांक ११ फेब्रुवारी २०१९, सोमवार. रुपये एकशे शेहेचाळीस.

ही रक्कम डाहीबेननी कणसोल नगरपालिकेच्या नक्कल खिडकीवर भरली. सुनावणीच्या नोंदवहीतल्या एका पानाची प्रमाणित नक्कल, फायनल प्लॉट सत्त्याऐंशीच्या नकाशाची नक्कल आणि अर्जावरचं तिकीट, असे मिळून एकशे शेहेचाळीस. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांनी शंभराची एक आणि पन्नासाची एक अशा दोन नोटा आत सरकवल्या. जगदीशभाई क्लार्कांनी गल्ल्याचा खण उघडला, पाहिलं आणि बंद केला.

"चार रुपये सुट्टे नाहीत, मासी. पुढच्या खेपेला घेऊन जा."

डाहीबेन यावर काय म्हणतील हे आमच्या गावात कोणीही सांगितलं असतं. जगदीशभाई तर ते उत्तर मिळालंच असं धरून पावतीपुस्तक मिटायला लागले होते.

"लिहून द्या," डाहीबेन म्हणाल्या.

"काय लिहून देऊ?"

"चार रुपये बाकी. पावतीच्या पाठीवर. खाली तुमची सही."

जगदीशभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो. त्यांनी लिहून दिलं.

असं त्या का वागल्या, हे कळायला तीन आठवडे मागं जावं लागेल. त्याहीआधी डाहीबेन कोण ते सांगायला हवं.

डाहीबेन भाईलालभाई रोहित आमच्या अंगणवाडी क्रमांक सहाच्या तेडागर. तेडागर म्हणजे सकाळी घरोघरी जाऊन पोरांना बोलावून आणणारी, आणि दुपारी ज्याला त्याला घरी पोचवणारी बाई. हे काम त्या एकतीस वर्षं करताहेत. वय सत्तावन्न, माझ्याएवढंच. त्या पुढच्या वर्षी निवृत्त होतील, मीही. मी तंबाखूच्या एका पेढीत हिशेब पाहतो आणि अंबिका पार्क सोसायटीचा मंत्री, म्हणजे सेक्रेटरी, आहे. आमच्या शेजारी शिवम पार्क आहे, त्यापुढे गोकुळ पार्क. तिन्ही सोसायट्यांच्या नावात पार्क आहे आणि तिन्हींत मिळून बाग एकही नाही. जी एक आहे ती पालिकेची, फायनल प्लॉट सत्त्याऐंशीवरची, सोसायट्यांच्या मागच्या अंगाला.

त्या बागेच्या पलीकडे टेकरा, उंचवट्यावरची वस्ती. डाहीबेनचं घर टेकऱ्यावर. अंगणवाडी मात्र आमच्या बाजूला, पाण्याच्या टाकीमागे. बागेला पुढून एक दरवाजा आहे आणि मागून टेकऱ्याकडे उघडणारा एक झांपा, कमरेएवढा, लोखंडी, एका बिजागरीवर तोललेला. टेकऱ्यावरून झांप्यातून बागेत, बागेतून अंगणवाडीत, अशी दोनशे पावलं होतात. झांपा नसेल तर हायवेला वळसा. तिथे फूटपाथ नाही, आणि माघ-फाल्गुनात तंबाखूच्या ट्रॅक्टरांची रांग असते. एका ट्रॉलीवर दोन ट्रॉल्यांचा माल.

डाहीबेनकडे एक दोर आहे. जुन्या साड्यांच्या किनारी वेणीसारख्या घालून केलेला, त्याला बावीस गाठी. एकेका गाठीला एकेक पोर. सकाळी साडेनऊला ही रांग झांप्यातून आत येते. पुढे डाहीबेन, दोराचं टोक त्यांच्या मनगटाला. झांप्यात थांबून त्या गाठी मोजतात. माझी हेतल तीन वर्षांची असताना कोकिला, माझी बायको, सहा महिने अंथरुणाला होती. तेव्हा सोसायटीतली असून हेतलही त्या दोराला धरून जायची. सातवी गाठ तिची. अजून माहेरी आली की विचारते, माझी गाठ कोणाकडे आहे.

आता त्यांचा शब्द. आमच्याकडे 'वांधो' म्हणजे हरकत. पालिका नोटीस काढते तेव्हा वांधे मागवते, तीस दिवसांत, लेखी. आणि तोच शब्द माणसं दिवसातून शंभरदा उलटा वापरतात. वांधो नहि, म्हणजे काही हरकत नाही; कागदावर लिहिताना वांधो नथी. चहा गार आहे, वांधो नहि. बस चुकली, वांधो नहि. इथे सगळेच असं म्हणतात, पण डाहीबेनइतकं कोणीच नाही. मानधन तीन महिने रखडलं, वांधो नहि. कोकिला एकदा हेतलचा डबा द्यायला विसरली, तर यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी तिला दिली, वर वांधो नहि. एकदा त्यांचा पाय मुरगळला. डॉक्टर चांगल्या पायाला पट्टी बांधायला लागले. डाहीबेन आधी वांधो नहि म्हणाल्या आणि मग हळूच दुसरा पाय पुढे केला.

डिसेंबरात पालिकेची नोटीस आली. बागेच्या एक हजार चौरस मीटरपैकी सहाशे चाळीसवर पैसे देऊन गाड्या लावायची जागा करायची, आणि मागची भिंत सलग पक्की बांधायची. बागेशेजारच्या सप्तरंग पार्टी प्लॉटमध्ये लग्नं होतात. गाड्या हायवेवर उभ्या राहतात, हे खरंच आहे. पार्टी प्लॉटचे विपुलभाई पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आले होते. अंबिका पार्कच्या वीस गाड्यांना तिथे कायमची जागा मिळेल, असं त्यांनी सांगितलं. चौतीस घरं, एक्केचाळीस गाड्या. सभासदांनी एका आवाजात होकार दिला. मी सोसायटीच्या कागदावर पत्र टाइप केलं आणि पालिकेत देऊन आलो.

नंतर एका दुपारी डाहीबेन नोटीशीची झेरॉक्स घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. वाचायला त्या पोरांबरोबरच शिकल्या आहेत, अक्षर अक्षर लावून.

"मधुकांतभाई, हा शब्द काय आहे?"

"सलग."

"सलग म्हणजे?"

"म्हणजे मध्ये खंड नसलेली."

"म्हणजे झांपा नाही."

मी नोटीस दोनदा वाचली होती. झांपा हा शब्द तिच्यात कुठेच नव्हता, आणि मी तो शोधलाही नव्हता.

"हो," मी म्हटलं. "म्हणजे झांपा नाही."

"तुम्ही काय लिहून दिलंत सोसायटीकडून?"

"सोसायटीचा वांधा नाही, असं."

"टेकऱ्याचा आहे," त्या म्हणाल्या. झेरॉक्सची घडी करून त्यांनी कमरेला खोवली. "अर्ज कसा लिहितात तेवढं सांगा. लिहीन मी. गाड्या लावा लावायच्या तर, माझं काही म्हणणं नाही. झांपा हलता कामा नये."

अर्जावर एकसष्ट सह्या आणि अंगठे झाले. टेकऱ्यावर घरंच सत्तर. राहिलेली नऊ तंबाखूच्या कामाला बाहेरगावी गेली होती.

सुनावणी २२ जानेवारीला झाली, चीफ ऑफिसर त्रिवेदीसाहेबांच्या खोलीत. चार खुर्च्या होत्या. एकीवर विपुलभाई, दुसरीवर त्यांचे वकील, तिसरीवर फायली, चौथीवर मी. सोसायटीची संमती सांगायला मला दोन मिनिटं लागली. मग जगदीशभाईंनी पुकारलं, "डाहीबेन भाईलालभाई रोहित आणि इतर साठ."

त्या आत आल्या. साहेब फोनवर होते. फोनवर हात ठेवून त्यांनी खोलीत नजर फिरवली.

"खुर्च्या कमी पडल्या, मासी. उभं राहावं लागेल."

"वांधो नहि, साहेब," डाहीबेन म्हणाल्या.

मी उठायला हवं होतं. उठलो नाही. साहेबांनी फोन संपवला आणि विचारलं, "अर्ज तुमचाच ना?"

"हो."

"वाचलाय मी. जगदीश, नोंद घे, सही घे."

"मी थोडं बोलू का, साहेब?"

"सगळं अर्जात आहे. बोलून काय वाढणार आहे त्यात?"

जगदीशभाईंनी वही फिरवली, डाहीबेननी सही केली. पाय मोकळे करायला अंगणात आल्या तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. म्हणाल्या, "साहेबांनी वाचलाय. आता झांप्याला हात लावणार नाहीत."

७ फेब्रुवारीला पालिकेच्या फलकावर साधारण सभेची कामं लागली. विषय क्रमांक नऊ. मी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आलेली हरकत एक. हरकतदारास रूबरू ऐकले असता आपला वांधो नथी असे जाहीर केल्याने हरकत दफ्तरी दाखल. सबब काम मंजुरीस्तव सादर.

अंगणवाडीत गेलो तेव्हा डाहीबेन पोरांना सुखडी वाटत होत्या. मी सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. बावीस तुकडे वाटून झाल्यावर ताट खाली ठेवलं.

"मी असं कधी म्हटलं?"

"सही आहे तुमची."

"सही आहे. पण म्हटलं कधी?"

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. एक पोर रिकामी वाटी घेऊन आलं, त्याला त्यांनी बाजूला केलं.

"खुर्ची," त्या म्हणाल्या. "खुर्चीला म्हटलं होतं मी."

"हो."

"तुम्ही ऐकलं होतंत?"

"ऐकलं होतं. मी बसलो होतो ना तिथे."

त्यांनी पदरानं हात पुसले. "तुमचं अक्षर चांगलं आहे, मधुकांतभाई. एक पत्र त्यांच्यासाठी लिहिलंत, आता एक माझ्यासाठी लिहा. जे ऐकलंत ते. एक शब्द कमी नको, जास्त नको."

त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द टाकला. सोपं नव्हतं ते. टेकऱ्यावरच्या बायकांनी त्याची मस्करी करून पाहिली. "डाहीबेन, तुमच्या शेळीनं आमची मेथी खाल्ली हं." "खाल्ली असेल. किती जुड्या ते सांग." दूधवाल्यानं अर्ध्या लिटरच्या जागी पाव लिटर घातलं, तर भांडं तसंच त्याच्यापुढे धरून उभ्या राहिल्या. कोकिला मला म्हणाली, "तुमच्या पालिकेनं एका बाईला बोलायला शिकवलं की मुकं केलं, कळत नाही."

नकलेसाठी अर्ज त्यांनीच केला. चार रुपयांचं वर सांगितलंच आहे. नक्कल हातात पडल्यावर आम्ही पालिकेच्या पायऱ्यांवर बसून ती पाहिली. वहीला सहा रकाने होते. अर्जदार, विषय, विचारलेला प्रश्न, दिलेलं उत्तर, सही, शेरा. उत्तराच्या रकान्यात जगदीशभाईंच्या वळणदार अक्षरात 'वांधो नथी'. प्रश्नाचा रकाना कोरा.

"हे बघा," मी म्हटलं, "उत्तर आहे आणि प्रश्नच नाही. अशी नोंद आमच्या पेढीत कोणी केली तर शेठ वही फेकून मारतील."

"मग उत्तर कशाचं?"

"तेच विचारायचं."

"विचारीन," डाहीबेन म्हणाल्या आणि नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली.

साहेबांनी १८ तारखेला अकराला बोलावलं. आत घेतलं साडेतीनला. या खेपेला खुर्च्या रिकाम्या होत्या. जगदीशभाई वही घेऊन कोपऱ्यात बसले होते.

"बसा, मासी," साहेब म्हणाले.

"उभीच बरी. मागच्या वेळी उभं राहायला ना नव्हती माझी, तर ती तुम्ही लिहून घेतलीत. आज बसले तर काय लिहाल कोण जाणे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्रिवेदीसाहेब तसे वाईट गृहस्थ नव्हेत. आठ महिन्यांपूर्वी बदलून आले होते आणि टेबलावर नोटीशींचा ढीग होता. त्यांनी नक्कल वाचली.

"सही तर तुमचीच आहे."

"माझीच."

"शब्दही तुमचेच, असं तुम्हीच म्हणताय."

"माझेच. ते खुर्चीला होते. झांप्याला नव्हते. झांप्याचं तुम्ही विचारलंच नाहीत, रकाना बघा."

साहेबांनी रकाना पाहिला. जगदीशभाईंकडे पाहिलं. जगदीशभाई म्हणाले, "साहेब, मी ऐकलं ते लिहिलं. नाव पुकारलं, बाई आल्या, म्हणाल्या वांधो नहि. मला वाटलं काम सोपं झालं."

"हे बघा, मासी," साहेब म्हणाले, "सही झालेली नोंद मी अशी खोडायला लागलो तर उद्या प्रत्येक जण येईल. कोणी म्हणेल माझं पंख्याला होतं, कोणी म्हणेल दाराला होतं. हरकतींची मुदत संपली आहे. सभेला दहा दिवस राहिलेत. आणि तुम्ही अंगणवाडीच्या, सरकारचं मानधन घेता. सरकारी कामात आडवं येणं तुम्हाला शोभतं का?"

"मानधन महिला-बाल खात्याचं, साहेब. पोरं झांप्यातून आणते त्याचंच मिळतं मला."

एवढ्यात छनाभाई शिपाई चहा घेऊन आत आला. बशीत सांडलेला, वरून चेहरा पडलेला. "साहेब, खांड संपली आहे. चहा मोळा झालाय, गोडच नाही."

"वांधो नहि," साहेब म्हणाले आणि बशी उचलली.

"जगदीशभाई," डाहीबेन म्हणाल्या, "लिहा."

जगदीशभाईंनी पेन उघडलं सुद्धा. सवय. "काय लिहू?"

"टेकऱ्याकडचा झांपा आहे तिथे ठेवायला साहेबांचा वांधो नथी. रूबरू म्हणाले. चौघांनी ऐकलं. वही फिरवा आणि साहेबांची सही घ्या."

छनाभाई पहिला हसला. मग त्याला आपण कुठे आहोत ते आठवलं आणि तो ट्रे घेऊन बाहेर पळाला. साहेबांनी बशी खाली ठेवली.

"मी चहाबद्दल बोललो."

"मला कळलं ते, साहेब. इथे सगळ्यांना कळलं. माझंही तेव्हा सगळ्यांना कळलं होतं."

मी खिशातून माझा कागद काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला.

"तुमच्या सोसायटीने तर संमती दिली आहे, मधुकांतभाई."

"दिली आहे. ती मीच टाइप केली."

"आणि आता हा कागद?"

"त्या दिवशी खुर्चीवर मी बसलो होतो, साहेब. मासींना खुर्ची नव्हती ती त्यामुळेच. हे मी पाहिलं आणि ऐकलं. तेवढंच लिहिलंय."

साहेबांनी वही मागून घेतली. शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खाली सही ठोकली. "झालं? आता तर काही वांधा नाही ना?"

डाहीबेननी वहीकडे बोट केलं. "जगदीशभाईंनी वाचून दाखवावं," त्या म्हणाल्या.

जगदीशभाईंनी वाचलं. "वरील कथन प्रस्तावास अनुलक्षून नसल्याने रद्द. लेखी हरकत कायम."

"पुन्हा एकदा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"आता ठीक," डाहीबेन म्हणाल्या. साहेब त्यांना दारापर्यंत पोचवायला उठले आणि म्हणाले की सभा काय ठरवेल ते आपल्या हातात नाही. "ते सभेचं सभेशी," डाहीबेन म्हणाल्या. "तुमच्या हातातलं तुम्ही केलंत."

रविवारी सोसायटीची बैठक झाली. मी कागद दिल्याचं तोवर तिन्ही पार्कांत पोचलं होतं. एक सभासद म्हणाले, "मंत्रीसाहेब, आमच्या गाड्या आता टेकऱ्यावर लावायच्या का तुमच्या ओट्यावर?" दुसरे म्हणाले, "यांना काय, यांच्याकडे गाडीच नाही. जुनी स्कूटर. ती तर देव्हाऱ्यातसुद्धा मावेल." कोकिला मागच्या रांगेत होती. ती म्हणाली, "देव्हाऱ्यात आमच्याकडे जागा आहे. तुमच्याकडे तिथेही गाडीच असेल." हशा झाला, पण मंत्रिपदाचा माझा राजीनामा त्यांनी मागितला, आणि मी मार्चअखेर हिशेब पुरे करून देतो असं सांगितलं. एक गोष्ट मात्र मी तिथे बोललो. आपण वीस गाड्या मागितल्या तेव्हा आपल्याला झांपा दिसला नाही, कारण आपल्यातलं कोणी त्यातून जात नाही. चहा आला.

२८ फेब्रुवारीची साधारण सभा. लोकांना बसायला मागे बाकडी होती, बोलायची मुभा नव्हती. टेकऱ्यावरून तीसेक बायका आल्या होत्या. डाहीबेनच्या मांडीवर दोराचं वेटोळं होतं. विषय नऊ आला तेव्हा आमच्या वॉर्डाचे नगरसेवक उठून म्हणाले, हरकत कायम आहे, तिचा विचार केल्याशिवाय मंजुरी दिली तर उद्या काम अडेल. विपुलभाईंच्या बाजूचे दोघे म्हणाले, कोणाचा विरोध नाही अशीच माहिती होती, आता हे कुठून निघालं. आवाज चढले. पालिकेच्या प्रमुखांनी, म्हणजे नगराध्यक्षांनी, पंधरा मिनिटं सभा थांबवली.

प्रमुख बाहेर पडवीत आले, मागे विपुलभाई. डाहीबेन उभ्या राहिल्या.

"बेन," प्रमुख म्हणाले, "गाड्यांची अडचण खोटी नाही. गेल्या लग्नसराईत हायवेवर दोन अपघात झालेत. बाग पूर्ण मोकळी ठेवणं मला जमणार नाही. झांप्यापासून पुढच्या दरवाजापर्यंत वाट सोडली तर? किती रुंद लागेल?"

विपुलभाई म्हणाले, "तीन फूट पुष्कळ झाले. पोरंच तर आहेत."

डाहीबेननी दोराचं वेटोळं सोडलं. एक टोक माझ्या हातात दिलं आणि बाजूच्या दोन बायकांना पुढे बोलावलं. "एक पोर या अंगाला," त्या म्हणाल्या, "एक त्या अंगाला. कारण समोरून कोणी आलं की रांग दोनाची होते. मध्ये मी. माझ्या दोन्ही हातांना एकेक रडणारं. आता मोजा." दोर ताणून त्यांनी पडवीच्या फरशीवर धरला. पालिकेच्या मिस्त्रीनं टेप लावली. सात फूट दहा इंच.

"आठ धरा," डाहीबेन म्हणाल्या. "पोरं वाढतात."

प्रमुख हसले. विपुलभाईंनी फरशीकडे पाहत मनातल्या मनात काही गाड्या वजा केल्या.

ठराव क्रमांक एक्केचाळीस असा झाला. गाड्यांसाठी सहाशे चाळीसऐवजी चारशे दहा चौरस मीटर. झांप्यापासून पुढच्या दरवाजापर्यंत आठ फुटांची वाट, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. झांपा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडा. बागेतल्या चार कडुलिंबांपैकी एक गेला, दोन बाकडी गेली, घसरगुंडी पाण्याच्या टाकीकडे सरकली. अंबिका पार्कच्या वाट्याला वीसऐवजी अकरा जागा आल्या, आणि त्यांच्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. ज्यांना मिळाली नाही ते अजून माझ्याशी कामापुरतं बोलतात. सगळं मनासारखं झालं असं म्हणता येणार नाही. डाहीबेनना बाकडी गेल्याचं लागलं. त्यांचे यजमान भाईलालभाई हयात असताना संध्याकाळी त्यातल्या एकावर बसायचे.

मे महिन्यात लग्नसराई ऐन भरात असताना पार्टी प्लॉटच्या राखणदारानं झांप्याला साखळी लावली. पाहुणे टेकऱ्याकडे वळतात, म्हणाला. डाहीबेन तिथेच थांबल्या, मागे दोराला एकोणीस पोरं. त्यांनी पिशवीतून ठरावाची नक्कल काढली.

"वाच."

"मला वाचता येत नाही, मासी."

"मग मी वाचते." अक्षर अक्षर लावत त्यांनी ती ओळ वाचली, बोट ठेवून. सूर्योदयापासून. सूर्यास्तापर्यंत. मग वर पाहिलं. "सूर्य कुठे आहे?"

राखणदारानं खरंच वर पाहिलं. आणि साखळी सोडली. "पाच मिनिटं उशीर झाला तुम्हाला, मासी."

"झाला," डाहीबेन म्हणाल्या. "उद्या होऊ देऊ नकोस." त्यांनी गाठी मोजल्या आणि रांग आत नेली.

गेल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, तो शब्द आता परत घेतलात तरी चालेल ना, काम तर झालं. त्या दोराची एक सुटलेली गाठ आवळत होत्या.

"तोंडाला येतो मधूनच," म्हणाल्या. "येऊ लागला की थांबते. कशाला म्हणतेय ते आधी बघते. मग म्हणते किंवा नाही म्हणत. बहुतेक वेळा म्हणते." गाठ आवळून झाली. "पालिकेत मात्र नाही म्हणत."

महिन्यातून एकदा तरी त्या नक्कल खिडकीवर जातात. जगदीशभाईंची घरपट्टी खात्यात बदली झाली आहे. त्यांच्या जागी आलेले म्हणतात, परत देण्यासाठी कोणत्या खाती टाकायचं ते वरून ठरायचं आहे. डाहीबेन पावती उलटी करून खिडकीत धरतात, ते वाचतात, त्या परत घडी करून पिशवीत घालतात.

चार रुपये पालिकेकडून अजून यायचे आहेत.